पाठमोरा मालक

परतीचा पाऊस आष्टीच्या या अंगाला आलाच नाही. सुंदररावांच्या पट्टीतली ज्वारी कमरेएवढी राहिली आणि खालची काळी जमीन मात्र भाजून काढल्यासारखी आवळून आली. ताट दोन्ही हातांनी धरायचं, टाचा रोवायच्या, मागं रेलायचं. मुळाबरोबर ढेकूळ वर आलं की ते नडगीवर आपटून माती झाडायची आणि ताट आडवं टाकायचं. असं दिवसभर. बायांच्या बोटांना आलेले फोड कधीच फुटले होते. प्रत्येकीनं बोटांना चिंध्या गुंडाळल्या होत्या, तरी संध्याकाळी पाण्यात हात घातला की तोंडातून आवाज निघायचाच.

गावातली धडधाकट माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला गेली होती. मागं राहिलेल्या बायांची टोळी सत्यशीलानं बांधली होती आणि तिनं सगळ्यात आधी निरोप धाडला होता तो रतनबाईला. रतनबाई साठीला टेकलेली, गुडघ्यानं अधू. कामाला ती पहिल्यासारखी राहिली नव्हती. पण ती गोष्टी सांगायची. ती बोलत असली की वाट्याला आलेली पात कधी संपली ते बायांना कळत नसे, आणि सत्यशीलाला ते पक्कं ठाऊक होतं.

"कुठवर आलतीस गं रतन?" सत्यशीलानं विचारलं. "सासू-सून गावात आल्या, तिथवर झालं काल."

"आल्या," रतनबाई ताट आपटत म्हणाली. "दोघी रांडाव. सून परक्या मुलखातली. घरात दाणा न्हाई. सून म्हनली, आत्या, सुगी चाललीय, मी सरव्याला जाती."

"नवरा मेल्यावर बी सून सासूपाशीच ऱ्हायली?" योगितानं विचारलं. ती सत्यशीलाची सून, लग्नाला वर्ष झालेलं. नवरा मांजरसुंब्याला ढाब्यावर कामाला. या रानातली तिची ही पहिलीच सुगी.

"ऱ्हायली तर."

"आइक अन् शीक," सत्यशीला म्हणाली.

"शिकंल की," पलीकडून आम्रपाली बोलली. "पर त्यासाठी आधी तुझा लेक मरावा लागल ना गं सत्यशीला."

सगळ्या हसल्या. सत्यशीलानं तिला ढेकूळ फेकून मारलं, तेही हसतच.

रतनबाईच्या गोष्टी शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या होत्या. वस्तीच्या कडेला ख्रिस्ती घरं चार, त्यातलं एक तिचं. पलीकडं बौद्धांची आळी; आम्रपाली तिथली. तिला देव मान्य नव्हता, पण गोष्ट मान्य होती. रतनबाईला अक्षर येत नव्हतं. तिच्याकडं होतं ते सगळं सासूकडून, भामाबाईकडून आलेलं. आणि भामाबाईकडं ते नगरकडून छकड्यात बसून येणाऱ्या एका पाद्रीणबाईकडून. रतनबाई त्या गोष्टींतली परकी नावं गाळून टाकायची, कारण नावाला बाया अडखळत. तिच्या गोष्टीत सासू असायची, सून असायची, मालक असायचा.

"मग ती गेली सरव्याला," ती पुढं सांगू लागली. "बाया कणसं मोडत पुढं, ही मागं. खाली पडलेलं तेवढं येचायचं. मालक आला. बगितलं त्यानं. गड्यास्नी बाजूला घिऊन म्हनला, पेंढ्या बांधताना चार कणसं मुद्दाम पाडा. घावू द्या तिला. अन् आपुन बांधावर गेला अन् तिच्याकडं पाठ करून उभा ऱ्हायला."

इथं बाया गप्प व्हायच्या. दर साली इथंच.

"पाठ करून कावून?" योगितानं विचारलं.

"दया आली म्हून," रतनबाई म्हणाली. "कुणी बगत असलं की येचणाऱ्या बाईचा हात आखडतो. तिचा हात आखडू नये म्हून तो फिरला."

"असला मालक गोष्टीतच घावतो," आम्रपाली म्हणाली.

"मावशी, परत सांगा बरं."

आवाज मागून आला. सुंदररावांचा मुलगा विजयसिंह बाभळीखाली मोटरसायकल लावून फोनवर बोलत होता, तो कधी जवळ आला ते कुणी पाहिलं नव्हतं. चाळिशीतला, गावच्या राजकारणात मुरलेला माणूस. तो चिडला की आवाज खाली यायचा.

"काय पाडा म्हनला मालक?"

रतनबाईच्या हातातलं ताट हातातच राहिलं. "गोष्ट हाय, दादा. शास्त्रातली."

"शास्त्रातली का असंना. कणसं मुद्दाम पाडा म्हनला, असंच ना?" त्यानं पातीवरून नजर फिरवली. "गेल्या साली आमच्या रानात इतका सरवा कसा काय घावला, ते आज कळलं. तुमीच पाडायचं, तुमीच येचायचं. अन् वरून त्याला शास्त्र."

"न्हाई हो दादा, एक कणीस पाडलं असंल तर माझा हात झडंल," सत्यशीला पुढं येत म्हणाली.

"औंदा सरवा न्हाई. कडबा उचलला की त्याच दिवशी रोटाव्हेटर घालणार मी. कणीस खाली ऱ्हायलं तर मातीत जाईल. पर आता कुणाला पाडायचा मोह व्हणार न्हाई." तो वळला, मग थांबला. "अन् मावशी, ह्या तुमच्या गोष्टी घरी. रानात मला धर्माची भानगड नको. उद्या कुणी म्हनल, ह्यांच्या रानात बायांला बाटवत्यात."

मोटरसायकल गेली. धूळ ताटांवर बसली. मग सगळ्या एकदम बोलल्या.

"सांगायची ती सांगायची, जरा इकडंतिकडं बघून सांगावं की."

"माझ्या घरी पाच तोंडं हायेत."

"त्याच्या बापानं कधी सरवा अडवला न्हाई."

दुपारी भाकरी सोडायला बाया बाभळीखाली बसल्या. रतनबाई सावलीच्या कडेला बसली. एरवी ठेच्याची वाटी फिरत तिच्यापर्यंत यायची. त्या दिवशी ती आम्रपालीपाशीच थांबली. आम्रपालीनं वाटीकडं पाहिलं, रतनबाईकडं पाहिलं आणि झाकण लावलं.

घरी रतनबाईची सून ज्योत्स्ना बाळाला घेऊन उंबऱ्यात बसली होती. ती ओली बाळंतीण, म्हणूनच तिचा नवरा अनिल यंदा एकटा ऊसतोडीला गेला होता. नवराबायको मिळून एक कोयता. एकटा गेला की त्याला अर्धा कोयता म्हणतात, आणि वागवतातही तसंच. रेशनवर तांदूळ मिळायचा, गहू मिळायचा. पण बाळंतिणीच्या अंगावर दूध उतरायला ज्वारीची भाकरी लागते, असं रतनबाईचं ठाम मत होतं, आणि ज्वारीच्या कणगीत हात घातला की बोटं तळाला लागत होती. दर साली सरव्याची ज्वारी या घराला पाऊस लागेपर्यंत पुरायची. विकत घेऊन खायची ज्वारी ही आता गरिबाची राहिली नव्हती.

"आत्या, तुमची गोष्ट लई म्हागात पडली म्हनं," ज्योत्स्ना म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"आम्रपाली मावशी येऊन गेल्या. रागात हायेत."

रतनबाईनं हात धुतले. फुटलेल्या फोडांवर पाणी पडलं तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले.

दिवेलागणीला या घरात वाचन व्हायचं. भामाबाईच्या वेळी पुस्तक होतं पण वाचणारं कुणी नव्हतं. तेव्हा ती पुस्तक मांडीवर घेऊन, त्यावर हात ठेवून गोष्ट सांगायची. ज्योत्स्ना घरात आली ती दहावी झालेली. तेव्हापासून रोज एक अध्याय. सासू भाकरी थापायची, सून वाचायची. ती अजून पुस्तकाच्या त्या भागापर्यंत आली नव्हती, पण आज रतनबाई म्हणाली, "सरव्याचंच काढ."

ज्योत्स्नानं बाळ पदराखाली घेतलं आणि पानं उलटली. बराच वेळ तिचं बोट ओळींवरून फिरत राहिलं.

"आत्या, पाठ केल्याचं न्हाई हितं."

"नीट बघ."

"मुद्दाम पाडा हाय. पाठ केली, बांधावर गेला, न्हाई."

"पान चिकटलं असंल."

ज्योत्स्नानं बोट ओलं करून पान चाचपलं. "एकच पान हाय. न्हाई, आत्या."

तव्यावरची भाकरी करपली. रतनबाईनं ती उलथली आणि काळा भाग तसाच राहू दिला. महिन्यातून एकदा नगरहून येणाऱ्या पाळकसाहेबांनी पत्र्याच्या शेडमधल्या उपासनेत बजावून सांगितलेलं होतं, शास्त्रात आपल्या पदरचं काही घालू नये. ते पाप आहे.

"आत्या खोटं सांगायच्या न्हाईत," ती म्हणाली. ही आत्या म्हणजे भामाबाई.

खोटं कसं असेल? त्या पाठमोऱ्या मालकावर तर हे घर उभं राहिलं होतं. रतनबाईचा नवरा शहादेव विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेला, तेव्हा भामाबाईनं स्वतःच्या लेकाच्या मातीवरून येऊन सुनेला जवळ घेतलं होतं आणि म्हटलं होतं, देव पाठमोरा हाय गं, गेला न्हाई. आपल्याला येचता यावं म्हून फिरलाय. अनिलला शाळेतल्या पाण्याच्या टाकीवरून हाकललं तेव्हा हेच. पीक गेलं तेव्हा हेच. रतनबाईची प्रार्थनाही तशीच घडली होती. ती देवाचा चेहरा कधी मनात आणत नसे. डोळे मिटले की तिला बांधावर उभी असलेली रुंद पाठ दिसायची, आणि त्या पाठीचा तिला आधार वाटायचा.

दुसऱ्या दिवशी पात मुकाट चालली. कामही कमी झालं. सत्यशीलानं दोनदा कंबर सरळ करून उरलेल्या रानाकडं पाहिलं, मग ती रतनबाईजवळ आली.

"तूच बिघडीवलंस, तूच नीट कर. म्हाताऱ्याकडं जाऊ. विजय बापाच्या शब्दाभाईर जात न्हाई."

"माझं आइकत्यात व्हय ते?"

"मी येती संगं. विजयच्या आईला, विमलबाईला गोष्टीचं कळलंय. म्हातारा म्हनं विचारीत होता, काय गोष्ट हाय ती."

दुपारच्या सुट्टीत दोघी गेल्या. सुंदररावांचं घर स्लॅबचं, पुढं फरशीचा ओटा. ओट्यावर पलंगावर सुंदरराव बसले होते. ऐंशी पार केलेले, दोन्ही डोळे गेलेले, पण आवाज खणखणीत. सत्यशीला ओट्याच्या पायरीवर बसली. रतनबाई खाली अंगणात बसली. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं.

विमलबाईंनी चहा आणला. सत्यशीलाला कपबशी. रतनबाईला कागदी कप. नातवाच्या वाढदिवसाचे उरलेले कप असावेत. त्यावर रंगीत फुगे छापलेले होते.

"कोण कोण हाय?" सुंदररावांनी विचारलं.

"मी सत्यशीला, आप्पा. अन् ही रतन. भामाबाईची सून."

"भामीची? तीच का ती गोष्ट सांगणारी?" म्हातारा खूश झाला. "सांग बरं. दिसत न्हाई, फोन कळत न्हाई, बसून बसून जीव इटलाय."

रतनबाईनं सांगितली. रानात सांगायची तशी नाही. शब्द अडत होते. पण सासू-सून गावात आल्यावर गोष्टीनंच तिला पुढं नेलं. मुद्दाम पाडा आलं, तेव्हा तिनं आवाज जरा खाली घेतला. म्हातारा मान हलवत होता. मग पाठ आली. ज्योत्स्नाचं ओलं बोट तिच्या डोळ्यांपुढं आलं, तरी तिनं पाठ गाळली नाही. गाळली तर मागण्यासारखं उरतच काय होतं?

"बांधावर गेला अन् तिच्याकडं पाठ करून उभा ऱ्हायला," ती म्हणाली. "तशीच तुमी बी, मालक, आमच्यावर..."

"थांब, थांब." सुंदररावांनी हात वर केला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी जुळत होतं. "बांधावर? पाठ करून?"

"व्हय."

"अगं ही गोष्ट माझी हाय."

ते हसायला लागले. आधी हळू, मग पलंग हलेपर्यंत.

"भात्तर सालच्या दुष्काळानंतरची पैली सुगी. खळ्यावर रास लागलेली. मी पूजेचं ताट घिऊन निघालो. राशीला जाताना बोलायचं न्हाई, मुक्यानं जायचं, ती रीत. अन् तुमच्या लोकांचं तोंड बघायचं न्हाई. आमची आई म्हनायची, तोंड दिसलं की राशीची बरकत जाती. बांधावर येतो, तर रानात भामी वाकलेली! आता हाकलावं, तर बोलायचं न्हाई. फुडं जावं, तर हिचं तोंड दिसतंय. करावं काय? फिरलो अन् ऱ्हायलो पाठ करून उभा. म्हनलं, जाईल. ती कशाची जाती? समदं रान येचलं तिनं. माझ्या हातातला नारळ तापला, डोक्यावर ऊन, अन् मागं आपलं खुडूक खुडूक चाललंय. पदर फाटंस्तवर येचलं, तवा गेली." त्यांना ठसका लागला. सत्यशीलानं तोंडाला पदर लावला होता. तिचे खांदे हलत होते. "अन् घरी जाऊन म्हनली आसंल, मालकाला दया आली! देवाच्या पुस्तकात घातलं की मला तिनं!"

"आवं, जुनंपानं कावून काढताव," दारातून विमलबाई म्हणाल्या. "आता कोण पाळतंय तसलं." मग रतनबाईला म्हणाल्या, "झाला का चहा? कप तिकडं उकिरड्यावर टाक गं, हितं ठिवू नगं."

चहा झाला नव्हता. रतनबाईच्या हातात तो गार झाला होता आणि कागद ओला होऊन मऊ पडला होता. एक फुगा बोटाला चिकटला होता. तिनं चहा पिऊन टाकला.

"मालक, त्याच्यानंतर तुमी तिच्याशी कधी बोललाव का?" तिनं विचारलं.

"कुणाशी?"

"माझ्या सासूशी."

"बोलायचं काय?" सुंदरराव म्हणाले. त्यांना प्रश्नच कळला नव्हता. डोळे पुसत त्यांनी आत हाक मारली. "विजय! ए विजय! ह्या बायांला सरवा घिऊ दे. लई दिसानं हसलो बाबा."

विजयसिंह दारात आला. "तुमी म्हनताव तर घिऊ द्या, आप्पा. एक दिवस. पर मी सवता उभा ऱ्हाणार तिथं."

परतताना सत्यशीलानं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "हसू आलं मला. काय करू."

"येणारच."

"काम तर झालं ना तुझं."

"झालं." रतनबाई थांबली. तिचा गुडघा दुखत होता, पण ती त्यासाठी थांबली नव्हती. "बायांला सांगू नगंस. योगिताला तर न्हाईच."

"मी कशाला सांगू," सत्यशीला म्हणाली आणि तिनं तिच्याकडं पाहायचं टाळलं.

संध्याकाळी ज्योत्स्नाला सरव्याची बातमी समजली. तिनं बाळाला वर उचलून हलवलं. "बघा, देवानं ऐकलं."

रतनबाई चुलीपुढं बसली होती. भाकरीआधी प्रार्थना करायची ती वेळ झाली. तिनं डोळे मिटले. पाठ दिसली, आणि पाठीपलीकडं, कधी न दिसलेलं, दोन हातांत धरलेलं ताटही दिसलं. हळदकुंकू, नारळ, आणि ते सगळं तिच्यापासून जपण्यासाठी आवळलेले खांदे. तिनं डोळे उघडले.

"तूच कर आज प्रार्थना," ती म्हणाली. "माझा घसा बसलाय."

जेवणं झाल्यावर तिनं सुनेला सगळं सांगितलं. सांगायचं ठरवलं नव्हतं, पण गिळलं गेलं नाही. ज्योत्स्ना ऐकत राहिली. मग तिनं पुस्तक ओढलं.

"काय करतीस? न्हाई म्हनलीस ना हितं."

"पाठ न्हाई. काय हाय ते बघती."

तिनं वाचलं. सावकाश, बोट ठेवून. रतनबाईनं पुस्तकातली ही गोष्ट पहिल्यांदाच अशी सलग ऐकली. पुस्तकातला मालक रानात आल्याबरोबर विचारतो, ही बाई कोण. तो तिच्यापाशी जातो. तिला दुसऱ्या रानात जाऊ नकोस म्हणतो, तहान लागली तर आमच्या भांड्यातलं पाणी पी म्हणतो. जेवणाच्या वेळी तिला जवळ बसवतो आणि स्वतःच्या हातानं दाणे देतो. गड्यांना बजावतो की हिला कुणी टाकून बोलायचं नाही.

"ह्यो बोलतोय की गं," रतनबाई म्हणाली.

"व्हय."

"भांड्यातलं पाणी पी म्हनतोय."

"व्हय, आत्या."

रतनबाई चुलीतल्या राखेकडं पाहत राहिली. "मंग आमच्या आत्यानं हे समदं कावून सोडलं? पाद्रीणबाईनं हेच सांगितलं आसंल ना तिला. एवढं चांगलं सोडून ती पाठच कावून घेतली?"

ज्योत्स्नानं बाळाला खांद्यावर घेतलं. ढेकर येईपर्यंत ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"मालक जवळ आला अन् बोलला, हे त्यांला खरं वाटलं नसंल," ती म्हणाली. "त्यांनी बघितलेलं तेवढंच त्यांला खरं वाटलं."

कडबा उचलला त्या दिवशी बाया पदर खोचून रानाच्या तोंडाशी जमल्या. रोटाव्हेटर लावलेला ट्रॅक्टर बांधापलीकडं उभा होता. विजयसिंह बांधावर होता. त्यानं खुर्ची आणवली होती, पण तो बसला नाही. फोन समोर धरून उभा राहिला.

"शूटिंग घेतोय," तो म्हणाला. "उद्या कुणी म्हनाय नको, मी सरवा दिला न्हाई. पंचायतीच्या ग्रुपवर टाकतो. बगा जरा इकडं, मावशी."

बाया वाकल्या. ढेकळं घोट्याला ओरबाडत होती. कणसं बारकी, अर्धी भरलेली. मातीच्या भेगांत पडलेली बोट घालून काढावी लागत. फोन ज्या बाजूला वळे त्या बाजूच्या बायांचे हात आपोआप हळू होत. योगितानं डोईवरचा पदर इतका पुढं ओढला की तिला समोरचं दिसेना. आम्रपाली एकदा सरळ फोनकडं पाहून उभी राहिली, मग तीही वाकली. घरी तोंडं होती.

रतनबाई टोकाला होती. पदरातली कणसं पोटाला टोचत होती. हे भरलं तर बाळंतिणीची काही दिवसांची भाकरी सुटत होती, आणि ते भरत होतं. ती एवढाच विचार करत होती. तिनं ठरवून एवढाच विचार धरून ठेवला होता.

"मावशी," योगिता तिच्या जवळ सरकत आली. तिचा आवाज रडवेला होता. "सांगा की काहीतरी. तो बगतोय, मला लई कसंतरी व्हतंय."

"रानात नको म्हनलाय तो."

"हळू सांगा. तीच सांगा. पाठीची."

सत्यशीला दोन हातांवर होती. तिचा हात थांबला. ती वर पाहत नव्हती, पण ऐकत होती.

रतनबाईनं बांधाकडं पाहिलं. फोनच्या मागं चेहरा दिसत नव्हता. पुस्तकातली गोष्ट सांगावी, असं तिच्या मनात आलं. मालक जवळ आला, भांड्यातलं पाणी पी म्हनला. तिनं तोंड उघडलं आणि तिला कळलं की ते या रानात तिच्या तोंडून निघणार नाही.

"सून सरव्याला गेली," ती पुटपुटली. "बाया फुडं, ही मागं. मालकानं बगितलं. बांधावर गेला."

"अन् पाठ केली."

"केली."

"दया आली म्हून," योगितानंच पुढं सांगितलं, आणि तिचा हात जरा मोकळा झाला. तिनं एक कणीस उचललं. "व्हय ना मावशी? दया आली म्हून?"

सत्यशीला अजून थांबलेली होती.

रतनबाईनं भेगेत बोट घातलं. आतलं कणीस खोल होतं. ते तिनं नखानं ओढून वर काढलं, फुंकर मारली, पदरात टाकलं.

"त्याला बगवलं न्हाई," ती म्हणाली, आणि पुढच्या भेगेकडं सरकली.